मुरबाडच्या बचत गटाला कर्ज देताना शाखा मुदत ठेव मागते. हे नियमात बसते का?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे):
माझी मावशी मुरबाड तालुक्यातील एका गावात ११ महिलांच्या बचत गटाची सचिव आहे. हा गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात नोंदलेला आहे. दरमहा प्रत्येकी १०० रुपयांप्रमाणे १४ महिन्यांत १५,४०० रुपये बचत झाली असून अंतर्गत कर्जावरील व्याज धरता गटाचा निधी १८,००० रुपये झाला आहे. भातकापणीनंतर भेंडी लावण्यासाठी गटाला एक लाख रुपये हवे आहेत. जवळच्या शाखेत मात्र असे सांगण्यात आले की, खात्यात जेमतेम ३,००० रुपये शिल्लक दिसत असल्याने ५०,००० रुपयांहून अधिक कर्ज मिळणार नाही आणि त्यासाठीही १०,००० रुपयांची मुदत ठेव ठेवावी लागेल. गावातील पतसंस्था दोघीतिघींना वैयक्तिक कर्ज देण्यास तयार आहे. तो मार्ग धरावा काय?

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, वाशी):
शाखेची ही मागणी नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या या अभियानासाठीच्या परिपत्रकानुसार १० लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचे नाही, गटाचे बचत खाते अडकवून ठेवायचे नाही आणि कर्ज मंजूर करताना ठेवीचा आग्रहही धरायचा नाही. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून आधी बचत, मग तिच्या पटीत विनातारण कर्ज, हाच त्याचा पाया आहे.
आता खात्यातील शिल्लक पाहू, कारण खरी गफलत तिथेच झालेली दिसते. गटाचा निधी म्हणजे पासबुकातील रक्कम नव्हे. सदस्यांना अंतर्गत कर्ज म्हणून दिलेले पैसे, त्यावर आलेले व्याज आणि अभियानाकडून फिरता निधी (गटात फिरवण्यासाठी दिलेली रक्कम) मिळाला असल्यास तोही त्यात धरतात. शिल्लक कमी आहे याचा अर्थ पैसा सदस्यांच्या हाती फिरतो आहे, आणि गट त्यासाठीच असतो. पहिले कर्ज निधीच्या किमान सहापट द्यावे असे परिपत्रक सांगते. १८,००० रुपयांच्या सहापट १,०८,००० रुपये होतात. गट किमान सहा महिने सक्रिय हवा, आणि हा काळ खाते उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, तर गटाच्या हिशेब वह्यांवरून मोजतात.

उत्तर (गटांसोबत काम करणारी कार्यकर्ती, शहापूर):
वरील काकांचे म्हणणे योग्य आहे, परंतु शाखाधिकाऱ्यापुढे ते सिद्ध करायला वह्या लागतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री बँक गुणांकन करताना पाहते. इतिवृत्तावर सर्वजणींच्या सह्या आहेत का, आणि कर्ज नोंदवहीतील बेरीज रोख वहीशी जुळते का, हे मावशींनी आधी तपासावे. आमच्याकडे कित्येक प्रस्ताव एवढ्याशा फरकामुळे परत आलेले आहेत. त्यानंतर कर्जमागणीचा ठराव जोडून अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. सोबत बँक सखीला, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या अभियानातील कार्यकर्तीला, न्यावे. शाखा तरीही ठेवीवर अडून बसली, तर पंचायत समितीतील ‘उमेद’च्या तालुका कक्षाला कळवावे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय पाहणारा अधिकारी) तक्रार द्यावी.

उत्तर (गटाची कोषाध्यक्ष, भिवंडी तालुका):
ताई, पतसंस्थेचा मार्ग घाईने धरू नका. पतसंस्था वाईट असते असे मी मुळीच म्हणत नाही, अडीअडचणीला तीच उपयोगी पडते. पण ती सभासदाला वैयक्तिक कर्ज देते, जामीनदार मागते, आणि अभियानातील गटांना बँकेकडून तीन लाखांपर्यंत मिळणारा ७ टक्क्यांचा सवलतीचा व्याजदर तिथे लागू होत नाही. शिवाय दोघीतिघींनी बाहेरून कर्ज उचलले की त्यांचे हप्ते आधी तिकडे जातात आणि गटाची परतफेड मागे पडते. आमच्या गटात असे घडले, तेव्हा ती घडी पुन्हा बसवायला वर्ष लागले.

प्रश्नकर्ती:
सर्वांची मनापासून आभारी आहे. मावशीशी फोनवर बोलले. रोख वही पूर्ण आहे, परंतु तीन बैठकांच्या इतिवृत्तांवर दोघींच्या सह्या राहिलेल्या आहेत. त्या मागाहून घेणे चालेल का?

उत्तर (कार्यकर्ती, शहापूर):
मागील तारखेने सह्या घेऊ नका. पुढच्या बैठकीत ती तिन्ही इतिवृत्ते वाचून कायम करावीत, तसा ठराव लिहावा आणि त्यावर उपस्थित सर्वजणींनी त्याच दिवसाच्या तारखेसह सह्या कराव्यात.