सिनेमा लागतो की आपण लावतो?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरात लागला आणि बरोबर आठ आठवड्यांनी, ११ एप्रिलला, नेटफ्लिक्सवर आला.

हे वाक्य मी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि पाठवल्यावर पुन्हा वाचलं. थिएटरात 'लागला', घरी 'आला'. मुद्दाम तसं लिहिलं नव्हतं, हाताला तेच आलं. 'नेटफ्लिक्सवर छावा लागलाय' असं म्हणून बघितलं, तर कानाला खटकतं. घरी बघायचा असेल तर आम्ही एकमेकांना म्हणतो, "लाव ना छावा." म्हणजे थिएटरात सिनेमा लागतो आणि घरी तो कुणीतरी लावावा लागतो. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे.

आपल्याकडे 'लागणे'चा पसारा मोठा आहे. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, निकाल लागतो, नंबर लागतो, डोळा लागतो. यातलं काहीही आपल्या हातात नसतं. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या लहान मुलीलासुद्धा सूर लावणं आणि सूर लागणं यातला फरक कळतो. लावायचा आपण, लागायचा तो त्याच्या मर्जीने.

दुसरी गोष्ट त्या '-ला' प्रत्ययाची. आपण लग्नाला जातो, जत्रेला जातो, कीर्तनाला जातो, तसंच सिनेमाला जातो. "आम्ही सिनेमाला बसलो होतो, म्हणून फोन घेतला नाही," असंही म्हणतो. घरी मात्र आपण सिनेमाला बसत नाही, सिनेमा बघत बसतो. 'बघत बसणे' म्हटलं की त्यात थोडा रिकामा वेळ येतो, थोडी पाय पसरून केलेली चैन येते. कीर्तनाला बसलेला माणूस आणि टीव्ही बघत बसलेला माणूस एका जातीचे नव्हेत.

मी 'छावा' दोन्हीकडे बघितला, दोन्ही वेळा आईबरोबर. थिएटरात शेवटच्या अर्ध्या तासात तिने पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता आणि दुसरा हात माझ्या मनगटावर. महाराजांचे हाल सुरू झाले तेव्हा पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस मान खाली घालून बसला होता, पण उठून कुणीच गेलं नाही. एप्रिलमध्ये घरी तोच प्रसंग आला आणि आई म्हणाली, "बंद कर. मला नाही बघवत." मी रिमोट दाबला. पडदा काळा झाला, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली. शेवट आम्ही घरी बघितलाच नाही.

माझं म्हणणं असं की हा फरक क्रियापदाने आधीच सांगून ठेवलाय. जे आपण लावतो ते आपल्याला बंदही करता येतं. तुमच्याकडे काय म्हणतात? कुणी 'ओटीटीवर लागला' असं सहज बोलतं का? (खाली वाचकांची उत्तरं आहेत, मधे मधे माझंही.)

कोल्हापूरहून लिहितोय. वडील टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, त्यामुळे हे शब्द घरात रोजचे. पिक्चर शुक्रवारी लागायचा आणि नाही चालला तर गुरुवारी रात्रीच्या खेळानंतर उतरायचा. लागला, चालला, पडला, उतरला. पेटी म्हणजे रिळांची पत्र्याची पेटी. ती एसटीने यायची आणि उशीर झाला तर पब्लिक आवरायला वडील दारात उभे राहायचे. ताई, तुम्ही म्हणता सिनेमा आपणहून लागतो. तसं नाही. लावणारा असतोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही. वडील घरी म्हणायचे, "मालकांनी या आठवड्यात जुना ऐतिहासिक लावलाय." मालक लावणार, पब्लिकसाठी तो लागणार. घरी मालकही आपण आणि पब्लिकही आपण.

आणखी एक शब्द तुमच्या यादीत घाला: खेळ. सहाचा खेळ, नऊचा खेळ. 'शो' हा शब्द नंतरचा. आजोबा गावच्या यात्रेतल्या तंबूत सिनेमा बघायचे, तिथेही खेळच. तंबूतला पडदा कापडी, वाऱ्याने फुगायचा आणि त्याच्याबरोबर घोडेही फुगायचे असं ते सांगत. गर्दी झाली की माणसं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. तिकडून बघणाऱ्याला मावळ्याची तलवार डाव्या हातात दिसायची. चित्रपट या शब्दातला 'पट' म्हणजे कापड, ते आजोबांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला, तो मूकपट. पुढे १९५२ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' आला. ऐतिहासिक पिक्चर लागला की कोल्हापुरात घरचं कार्य असल्यासारखं वातावरण होतं, ते आजही. 'छावा'ला आम्ही चौदा जण गेलो होतो, त्यात तीन म्हाताऱ्या आणि एक सात महिन्यांचं बाळ.

नागपूर. आमच्याकडे 'बघितला' कमी, 'पाह्यला' जास्त. छावा पाह्यला का? दोनदा पाह्यला. पण मला मूळ मुद्दा पटला नाही. थिएटरात तो मला सोसवला नाही. रहमानचं संगीत मला आवडतं, पण नगारे आणि आरोळ्या इतक्या मोठ्याने होत्या की माणसं काय बोलताहेत ते कळेना. बाहेर आल्यावर जो तो म्हणत होता, "अंगावर काटा आला." मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय: आवाजाने अंग हादरतं त्यालाही काटाच म्हणायचं का? काटा थंडीने येतो, भीतीने येतो, एखादा हळू बोललेला शब्द आत गेला की येतो. छाती दणाणते ती वेगळी. भाषेत दोन शब्द आहेत, ते दोन ठेवावेत.

मला काटा आला तो घरी. साखळदंडात जखडलेले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना कवितेने उत्तरं देतात तो प्रसंग मी तीन वेळा मागे नेऊन ऐकला. थिएटरात त्यातला अर्धाच कळला होता. अक्षय खन्नाचा औरंगजेब तर जवळजवळ बोलतच नाही, डोळ्यांनी काम करतो. ते डोळे मला घरच्या छोट्या पडद्यावर जास्त दिसले, कारण शेजारी कुणी शिट्ट्या मारत नव्हतं. तेव्हा 'लावला' म्हणजे कमी प्रतीचं बघणं, असा अर्थ कृपा करून काढू नका. पुस्तकही आपण आपल्या हातानेच उघडतो.

नागपूरकरांचं काटा आणि दणाणणं याबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. मी वहीत लिहून ठेवलं. कमी प्रतीचं असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यातून तसं ध्वनित झालं खरं.

मी साठीची आहे, मुंबईत वाढले. तुमची विभागणी थिएटर आणि घर अशी आहे, तिथे चूक होते आहे. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असायचा आणि रविवारी हिंदी. तेव्हा आम्ही स्वच्छ म्हणायचो, "आज टीव्हीवर कुठला लागणार आहे?" चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे सगळा मजला. चपला दाराबाहेर, मोठी माणसं खुर्चीवर, आम्ही जमिनीवर. आणि १९८७ मधलं 'रामायण' आठवा. "चला, रामायण लागायची वेळ झाली," म्हणून आंघोळी उरकायच्या. ते घरातच लागायचं की! पडदा लहान, तोही काही घरी कृष्णधवल, तरी शब्द 'लागणे'च. कारण वेळ आपली नव्हती. घड्याळ दुसऱ्याचं होतं आणि आपण त्याच्याशी जमवून घेत होतो. नेटफ्लिक्सवर घड्याळच नाही, म्हणून तिथे काही लागत नाही. तिथे सिनेमा असतो. फडताळात डबा असतो तसा.

हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. माझी मांडणी मोडली आणि ती मोडली याचा आनंदच आहे. घर की थिएटर हा भेद नव्हेच. सगळ्यांनी एका वेळी यायचं, की ज्याने त्याने सवडीने, इथे भाषा रेघ ओढते. कोल्हापूरचा 'सहाचा खेळ' यातच बसतो. घरच्या सिनेमाला खेळ नाही कारण त्याला सहा वाजत नाहीत.

मूळ शब्द राहूनच गेला, छावा. शाळेत पाठ केलेलं सगळ्यांना आठवत असेल: गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा. संस्कृतात 'शाव' किंवा 'शावक' म्हणजे पिल्लू. त्याचं प्राकृतात 'छाव' झालं. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात यासाठी सूत्रच आहे: षट्, शमी, शाव, सुधा आणि सप्तपर्ण या शब्दांच्या आरंभी 'छ' येतो. हिंदीतला 'छह' आणि बिहारची 'छठ' त्याच वाटेवरचे. आपण मराठीत मात्र सहा म्हणतो आणि षष्ठीपासून सटवाई केली, म्हणजे तिथे 'स' धरून ठेवला. 'छाव'च्या बाबतीत 'छ' टिकला. मला हे फार सुंदर वाटतं. शिवाजी सावंतांनी कादंबरीला हे नाव दिलं तोवर छावा बहुतेकांसाठी त्या पाठांतरापुरताच उरला असावा. आज आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला छावा म्हणजे फक्त संभाजी महाराज माहीत आहेत, सिंहाचं पिल्लू त्याला सांगावं लागलं.

याच धाग्याने 'गारद' घ्या. 'छावा' संपल्यावर कितीतरी थिएटरांत लहान मुलांनी उभं राहून गारद दिली, "आस्ते कदम"पासून पूर्ण. आमच्या खेळाला एका सहा-सात वर्षांच्या मुलीने दिली. फेटा तिच्या डोळ्यांवर घसरत होता, तो एका हाताने वर धरून तिने एकही शब्द न अडखळता म्हटलं आणि जायला उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. हा 'गारद' इंग्रजी गार्डचा, पहाऱ्याचा. 'सैन्य गारद झालं' यातला गारद वेगळा, तो फारसीतल्या 'गारत'वरून आलेला, लूट आणि नाश या अर्थाचा. उच्चार एक, घराणी दोन. मुलांना दोन्ही सांगा, त्यांना मजा येते. आणि आता मूळ प्रश्नाकडे: घरी सिनेमा संपल्यावर कुणाच्या मुलाने गारद दिली का? माझ्या मुलाला मी विचारलं. तो म्हणाला, "इथे कुणाला देऊ?"

जर्मनीतून. इथे 'छावा' आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या शहरात लागला होता, रविवारी दुपारी एकच खेळ. पाच गाड्या करून गेलो. डब्यात चकल्या होत्या, त्या पार्किंगमध्ये उभ्यानेच खाल्ल्या. तिकीट काढणाऱ्या जर्मन मुलीने विचारलं की हा कोणता सण आहे. पुढे घरी बघायची वेळ आली तेव्हा आम्ही वेगवेगळ्या चार शहरांतल्या घरांनी ठरवून शनिवारी साडेसातला एकदम सुरू केला आणि फोन स्पीकरवर ठेवले. त्या दिवशी माझी बायको मुलांना हाक मारताना म्हणाली, "चला, लागेल आता सिनेमा." लावणार मीच होतो, रिमोट माझ्याच हातात होता. मुंबईच्या ताईंच्या म्हणण्याला हा पुरावा समजा.

हा पुरावा मी आईला वाचून दाखवला. तिला ही सगळी चर्चा रोज थोडी थोडी वाचून दाखवते आहे. ती शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला त्याचा शेवट बघायचाय पुन्हा. तेव्हा मी डोळे झाकले होते."

मी म्हटलं, "आत्ता लावू? नेटफ्लिक्सवर आहे."

"घरी नको," ती म्हणाली. "परत लागला की सांग. जाऊ."