"कुऱ्हाडीचा दांडा गोत्यास काळ" का "गोतास काळ"? आणि दांडा म्हणजे नेमका कोण?

येळ्ळूरचा_धाकटा
मंडळी एक विचारायचं होतं. परवा आमच्यात वाटणीची बैठक बसली, आजोबांचं चार एकर भाताचं रान हाय, आणि चुलत भाऊ म्हणाला माझा हिस्सा मी लेआउटवाल्याला, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याला, देणार, अ‍ॅडव्हान्स पण घेतलाय. कोण काय बोलायच्या आत आत्तीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली "कुऱ्हाडीचा दांडा!" एवढंच. पुढचं म्हणायची गरजच पडली नाही, तो उठला आणि माझ्या चपला घालून निघून गेला. मी आजवर ते "गोत्यास काळ" समजत होतो, गोत्यात आणणारा माणूस असं काहीतरी, शाळा कन्नड मिडियमची त्यामुळं हसू नका. ही म्हण आली कुठनं आणि ती आमच्या भावाला लागते काय?

नंदगडचा_मास्तर
हसत नाही, अर्धी दुनिया असंच म्हणते. शब्द "गोत" आहे, गोत्रावरून आलेला, म्हणजे आपली माणसं, नातीगोती, गोतावळा यातला. "गोत्यात येणं" मधला गोता निराळा, तो बुडी मारण्यातला, अरबी-फारसीतून आलाय. दोघांचा संबंध नाही. आणि जुन्या काळी गोत म्हणजे फक्त भाऊबंद पण नव्हे बरं का, गावातले तंटे सोडवायला गोतसभा बसायची त्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदार सुद्धा असायचे. म्हणजे तुझी आत्ती जे बोलली ते पार गावापर्यंत जातंय. काळ म्हणजे यम. आपल्याच लोकांचा यम.

निपाणी_अण्णा
ही म्हण मुधोळच्या बाजी घोरपड्यावरून पडली आहे. घोरपडे आणि भोसले एकाच कुळातले असं सांगतात, तरी १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना पकडून आदिलशाहीच्या ताब्यात द्यायला हाच पुढं. यापेक्षा मोठा दांडा कुठला.

चिकोडीची_सून
अण्णा, दाखला एकदम बरोबर पण म्हण त्याच्यावरून पडली हे काय पटत नाही. कारण माझं माहेर कन्नड, आणि आमची अव्वा हेच कन्नडमध्ये म्हणायची, "कोडली कावु कुलक्के सावु". कोडली म्हणजे कुऱ्हाड, कावु दांडा, सावु मरण. कुळाचं मरण. कन्नडमध्ये यमक किती मस्त जुळतंय बघा, लग्न होऊन इकडं आले आणि सासूबाईंच्या तोंडून तीच मराठीत ऐकली तेव्हा मला वाटलं ह्यांनी आमचीच उचलली 😄 कुणी कुणाची उचलली ते देव जाणे. आणि इसापनीतीत पण आहे की, माणूस रानात येऊन झाडांकडं एक दांडा मागतो, झाडं देतात, आणि मग तो सगळं रान तोडत सुटतो. झाडं आणि कुऱ्हाड जिथं जिथं आहे तिथं हे कुणालाही सुचणार, त्याला घोरपडे कशाला पाहिजेत.

निपाणी_अण्णा
होय की. मान्य. पण दाखला सोडणार नाही.

खानापूर_रानातला
मी जरा लाकडाचं सांगतो कारण आमच्या घरी हाच धंदा होता. आमच्याकडं कुऱ्हाडीला धामणीचा दांडा घालतात, चिवट असतो, घाव मारला की झटका हातात येत नाही. दांडा नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, ठोकून बसवायचा आणि वरून पाचर मारायची, पाचर सैल असली की पातं उडून कुणाच्या तरी नडगीवर. नुसतं पातं हातात धरून झाड तुटत नाही रे, बोटं कापतील. लोखंड भायरचं, पण त्याला जोर देतो तो दांडा झाडाचाच, म्हण त्याच्यासाठी हाय. आता तुझ्या भावाचं बघ. दांडा झाडाला होता तवर फांदीच होता, तो पहिल्यांदा कुणीतरी तोडला. इसापाच्या गोष्टीत पण झाडांनी स्वतःच दिला की. तुमच्यात त्यानं घरच्यांना आधी विचारलं हुतं काय?

येळ्ळूरचा_धाकटा
तुम्ही बरोबर नाडी धरली. काल वडलांना विचारलं. दोन वर्षांमागं तो आमच्याकडंच आला होता, पोरीच्या अ‍ॅडमिशनला पैसे पाहिजेत, माझा हिस्सा तुम्हीच घ्या, रेट तुम्हीच लावा म्हणून. वडील म्हणाले बघू. बघू बघू म्हणत दोन वर्षं गेली. आत्तीला हे ठाऊकच नव्हतं.

चिकोडीची_सून
मग आता आत्तीला सांग की!

येळ्ळूरचा_धाकटा
वडील समोर असताना? आक्का, तुम्ही आमच्या आत्तीला बघितलं नाही. रविवारी चपला आणायच्या निमित्तानं भावाकडं जाऊन येतो, मग बघतो. आणि खानापूरवाले दाजी, धामणीचा दांडा कितीला मिळेल हो? आमच्या कुऱ्हाडीचा खरोखरच मोडलाय.