सार्वमताची दुसरी मतपत्रिका

सर्वांना नमस्कार,
गेल्या महिन्यात आयरिश नागरिकत्वाची शपथ घेतली. काका, २०१५ साली राष्ट्राध्यक्षांच्या वयाच्या अटीवर सार्वमत झालं, तेव्हा तुम्ही मत दिलं होतं ना? एवढ्या बारीक नियमासाठीही लोकांना विचारतात याचं नवल वाटलं.

---

अरे वा, मनापासून अभिनंदन!
हो, २२ मे २०१५. हातात दोन मतपत्रिका पडल्या. एक समलिंगी विवाहाची. लिओ वराडकर तेव्हा इथले आरोग्यमंत्री, स्वतः समलिंगी, आणि त्यांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं, त्यामुळे आपल्या घरांतही तोच विषय. दुसरी मतपत्रिका उमेदवाराचं किमान वय ३५ वरून २१ वर आणायची. तिच्याबद्दल कुणी फारसं बोललंच नाही. पहिली ६२ टक्क्यांनी मंजूर झाली, दुसरी ७३ टक्क्यांनी फेटाळली. मीही दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं 'नाही'वर फुली मारून मोकळा झालो.

घरी आलो तर लेक विचारते, "बाबा, २१ व्या वर्षी खासदार होता येतं, मग याच पदाला ३५ कशाला?" ती तेव्हा २२ ची. मला उत्तर सुचलं नाही. ते मत अजून टोचतं. उमेदवारीलाच संसदेचे २० सदस्य किंवा ४ स्थानिक कौन्सिलांचा पाठिंबा लागतो. पोरासोरांच्या हाती पद जाईल ही भीती उगाच होती. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना इथूनच घेतली. घटनेतला शब्द बदलायलाही जनतेचा कौल घ्यायचा, ही रीत मात्र आपल्याकडे नाही. म्हणून तर मला त्या अर्ध्या मिनिटाची जास्तच खंत वाटते.

---

भावजी, मी विचार करूनच 'नाही' दिलं होतं. विधेयकावर सही करायची की ते सुप्रीम कोर्टाकडे पाठवायचं, हे राष्ट्राध्यक्षांना ठरवावं लागतं. पद सात वर्षांचं. तिथे चार पावसाळे पाहिलेलं माणूस हवं, हे मी आजही म्हणेन.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच प्रश्नात. थोरला मेलबर्नला आहे, पासपोर्ट इथला, पण राष्ट्राध्यक्ष निवडताना त्याला मत नाही. परदेशातल्या नागरिकांना तो हक्क देणारं विधेयक २०१९ मध्ये मांडलं गेलं. ते सार्वमताला आलं, तर पहाटे रांगेत उभी राहीन.

आणि बाळा, स्थानिक निवडणुकीसाठी तुझं नाव यादीत असेल, पण नागरिकत्व बदलल्याची नोंद आधी करून घे. नाहीतर सार्वमताची मतपत्रिका तुला मिळायची नाही.