मेलचे रूल आणि नजरेआड राहिलेले मेल : तुमचे अनुभव सांगा

ऑफिसच्या मेलला रूल (विषयात अमुक शब्द असेल तर मेल आपोआप अमुक फोल्डरात टाक, अशा सूचना) लावून ठेवले की सकाळी इनबॉक्स उघडताना बरं वाटतं. मलाही वाटायचं. यंदाच्या हंगामात मात्र त्याच रूलमुळे एक मेल अडीच दिवस माझ्या नजरेला पडला नाही. तेव्हापासून मनात आहे की किनाऱ्यावर काम करणाऱ्या बाकीच्यांना विचारावं, तुमचं कसं चाललंय? आधी माझं सांगते.

मी रत्नागिरीत आंब्याच्या पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला दीड-दोनशे मेल येतात : बागायतदार, ट्रान्सपोर्टवाले, वाशीचे दलाल, पुण्याचे व्यापारी. विक्रीचा हिशेब येतो त्याला आम्ही पट्टी म्हणतो. विषयात 'पट्टी' असलेला प्रत्येक मेल वेगळ्या फोल्डरात जाईल असा रूल मी लावला होता, कारण त्या महिनाअखेरीला एकदम बघायच्या असतात. दोन वर्षं छान चाललं. यंदा एका व्यापाऱ्याने नवीन मेल न लिहिता आठवड्यापूर्वीच्या पट्टीलाच रिप्लाय केला : गुरुवारचा माल पाठवू नका, सोमवारी घेतो. विषय जुनाच राहिला, म्हणून रूलने तो मेल उचलून फोल्डरात ठेवला. माझा फोन इनबॉक्समधल्या मेललाच वाजतो, फोल्डरातल्या नाही. गुरुवारी ६० पेट्या रवाना झाल्या आणि शनिवारी तशाच परत आल्या. पेटी उघडून पेंढ्यात हात घातला तर आत ऊब लागली. वरचा थर ठीक होता, खालची फळं देठाकडून काळी पडत होती. ज्यांच्या बागेतला माल होता त्यांना फोन मलाच करावा लागला.

रूल बिघडला नव्हता, सांगितलं तेवढंच त्याने केलं. म्हणूनच मला हे जास्त लागलं. आता तुम्ही लिहा.

चिपळूण, कर सल्लागाराचं ऑफिस

आमचे रूल चांगले २५-३० होते. प्रत्येक अशिलाचं वेगळं फोल्डर, नोटिसांचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला पूर आला आणि तळमजल्यावरचं आमचं ऑफिस पाण्याखाली गेलं. चिखल काढेपर्यंत फोनवरून काम करू म्हणून मेल उघडला, तर जुना मेल एकही नाही आणि नवा आलेला सगळा एकत्र. कारण तेव्हा कळलं. आमचं खातं पॉप पद्धतीचं होतं. मेल संगणकावर उतरायचा आणि सर्व्हरवरून पुसला जायचा. रूलही त्याच संगणकावर, फोल्डरंही तिथेच. संगणकच गाळात, मग राहिलं काय?

पुढे आयमॅप घेतलं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो अशी पद्धत, आणि रूल सर्व्हरवर लावले. आउटलूक हा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक बघून ठेवा : आवाज वाजव, प्रिंट काढ, अमुक संगणकावरच्या फाइलीत हलव, असं काही रूलमध्ये घातलंत की तो 'फक्त या संगणकावर' चालणारा रूल होतो. आउटलूक बंद असेल तेवढा वेळ तो झोपलेला. आमच्याकडे पावसात लाईट किती वेळ असते ते सांगायला नको.

मालवण, मच्छीमार सोसायटी

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. त्यानंतर होड्या बाहेर पडतात तेव्हा हवा भरवशाची नसते. वादळाचा, जोराच्या वाऱ्याचा इशारा मेलवर येतो आणि तो आम्हाला लगेच ध्वनिक्षेपकावरून सांगायचा असतो. मी रूल लावला : विषयात 'इशारा' किंवा 'वाऱ्याचा' असेल तर मेलला लाल रंग दे आणि वर आण.

पहिल्याच महिन्यात तीन प्रकार पाहिले. एक, मेल कोणीतरी पुढे पाठवलेला असतो आणि विषयात नुसतं 'तातडीचे' असतं. इशारा आत स्कॅन केलेल्या कागदावर, म्हणजे चित्रात. रूलला चित्र वाचता येत नाही. दोन, काही कार्यालयांत अजून जुने फॉन्ट वापरतात. पत्र जोडलेल्या फाइलीत नीट दिसतं, पण तोच मजकूर विषयात चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी होते. तीन, आणि यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली : 'वाऱ्याचा' हा शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेतं, कोणी साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडखूण-कोड घालतं. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. माझ्या रूलने पहिला धरला, दुसरा सोडला.

त्या संध्याकाळी उशिरा घरी पोचलो. आवस, म्हणजे आई, पायरीवरच बसलेली. "होडयो इल्यो काय रे सगळ्यो?" एवढंच तिनं विचारलं. माझा भाऊ त्यातल्या एकीवर खलाशी आहे. सगळ्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हवामानाचा रूल मी काढून टाकला. ते मेल आता सरळ इनबॉक्सात येतात आणि पावसाळाभर दर दोन तासांनी सोसायटीतले आम्ही दोघं आळीपाळीने बघतो.

अलिबाग, आयटी विभाग

मी एका कारखान्याचे मेल सांभाळतो. लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक दोन कारणांनी.

क्रम. आउटलूकचे रूल वरून खाली चालतात. वरच्या रूलवर 'पुढचे रूल थांबवा' अशी खूण असेल तर तो लागू पडलेल्या मेलला खालचा कितीही महत्त्वाचा रूल लागत नाही. साहेबांच्या मेलचा रूल सगळ्यात खाली आणि वर्तमानपत्राचा सगळ्यात वर, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

जागा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइन या मेलसेवेवर एका मेलबॉक्सच्या सगळ्या रूलना मिळून २५६ केबीच जागा असते. आमच्या खरेदी विभागातल्या ताईंनी एकेका पुरवठादाराचा पत्ता वेगळा घातला होता, शेवटी नवा रूल सेव्हच होईना. पत्त्याऐवजी @ नंतरचा भाग घातला, एकाच फोल्डरात जाणारे रूल एकत्र केले, नावं छोटी केली. तेवढ्याने काम झालं.

आणि हो, फोल्डर डिलीट केलंत तर त्यावर चालणारा रूलही बंद पडतो. आवरासावर केल्यावर रूलची यादी एकदा उघडून बघाच.

गुहागर, घरगुती निवास

आमच्या चार खोल्या. बुकिंगच्या साइटवरून येणारा मेल रूलने 'बुकिंग' लेबलात (फोल्डरासारखंच) जायचा, इनबॉक्स टाळून. रद्द झाल्याचा मेलही त्याच पत्त्यावरून येतो, हे लक्षातच आलं नाही. एका शनिवारी बारा माणसांचे उकडीचे मोदक केले. नारळ सासूबाईंनी पहाटे उठून खवलेला. दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली, मग लेबल उघडलं : शुक्रवारीच रद्द. मोदक वाडीत वाटले, पण सासूबाईंचा चेहरा अजून आठवतो. आता विषयात 'रद्द' असेल तर इनबॉक्स टाळायचा नाही, एवढी अट वाढवलीय.

वेंगुर्ला, काजू कारखाना

जीमेलवाल्यांसाठी. आम्ही आपसांत ठरवलं होतं की घाईचं काम असेल तर विषयात चौकटी कंसात 'तातडी' लिहायचं, आणि त्यावर फिल्टर (जीमेलमध्ये रूलला फिल्टर म्हणतात). जीमेलच्या शोधात कंस धरलेच जात नाहीत. त्यामुळे 'तातडी नाही, सवडीने बघा' हाही मेल तातडीत. आता 'काजूतातडी' असा जोडशब्द लिहितो, तो दुसरीकडे कुठे येत नाही. शिवाय जीमेलमध्ये आउटलूकसारखा क्रम नाही, जुळणारे सगळेच फिल्टर लागतात.

रत्नागिरी, पुन्हा मी

सगळ्यांचं वाचलं. मालवणच्या दादांचं वाचून उठून अंगणात फेरी मारून आले. मी पट्टीचा रूल ठेवलाय, पण आता तो मेल हलवत नाही, नुसता हिरवा रंग देतो. मेल इनबॉक्सातच राहतो, मी वाचते आणि मग हाताने फोल्डरात टाकते. रोजची पंधरा मिनिटं जास्त जातात. शिवाय व्यापाऱ्यांना सांगितलंय की माल थांबवायचा असेल तर मेल करा, पण फोनही करा.

मालवणच्या दादा, दर दोन तासांनी बघता म्हणालात. रात्री कोण बघतं?

मालवण

रात्री माझा फोन उशाशी असतो. हवामानाचा मेल जिथून जिथून येतो ते सगळे पत्ते त्यात घातलेत, त्यांचा आवाज वेगळा ठेवलाय. आवशीकही तो आवाज आता ओळखता येतो.