मदत हवी आहे: पावसाळाभर गुहागरला गाडी उभी राहणार, अण्णांना गाडी चालवता येत नाही

बोटवाला:
नमस्कार मंडळी. मी मर्चंट नेव्हीत आहे. मे अखेरीस जॉइन होतोय, परत यायला दिवाळी उलटेल, कदाचित नाताळसुद्धा. घर गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या बाजूला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गाज ऐकू येते, एवढा समुद्र जवळ. घरी आई आणि अण्णा. अण्णांचा वाहनांशी संबंध एसटी आणि सायकल एवढाच, त्यामुळे मधूनमधून गाडी फिरवून आणणारं कोणी नाही. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, साधी किल्ली.

उभी करायला दोन जागा आहेत. एक मांगर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, दाराला कडी, पावसाचा थेंब आत येत नाही. पण निम्म्या जागेत पेंढा आणि लाकूडफाटा, आणि श्रावणात जमिनीला हात लावला तर तळवा ओला होतो. दुसरी घराला लागून पत्र्याची शेड. तीन बाजूंनी उघडी, हवा भरपूर. पण पश्चिमेकडून झड आली की चाकांपर्यंत भिजतं, वर खारा वारा.

शेजारचे काका म्हणतात मांगरात घाल आणि वरून ताडपत्री बांध. अण्णा म्हणतात, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवीन, त्यात काय एवढं?" नेटवर वाचावं तर सगळं थंड देशांतलं, बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ. आपल्याकडे मीठ वाऱ्यावरच येतं, त्याचं काय करायचं ते कोणी लिहीत नाही. ज्यांच्या गाड्या किनाऱ्याजवळ उभ्या असतात त्यांनी सांगा. आणि जे सांगाल ते सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकट्याने जमेल असं हवं.

चाकरमानी_परळ:
एवढा काय विचार करताय? जाडी ताडपत्री घ्या, खालून दोरीने घट्ट आवळा. गणपतीला येऊन सोडा. आमची अशीच असते.

स्पॅनर_रत्नागिरी:
वरचा सल्ला कृपया मानू नका. ताडपत्री बाहेरचं पाणी अडवते हे खरं, पण आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. जमिनीतून वाफ वर येते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि पुन्हा गाडीवरच पडतात. त्यात ती वाऱ्याने हलते आणि खाली बसलेले मिठाचे-वाळूचे कण रंगावर घासत राहते. ऑगस्टमध्ये अशा गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा छपरावर पांढुरके डाग आणि दारांच्या कडांना तांबूस रेघ असते. कव्हर घालायचंच तर हवा खेळणारं कापडी. शेडीत पाऊस वरून पडत नसेल तर तेही नको.

आता अण्णांचा रविवार. त्यांची कळकळ समजते, पण दहा मिनिटं इंजिन चालवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रस्त्यावर तासभर पळाली तर सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. उभ्या गाडीत दहा मिनिटांत सायलेन्सर कोमट होतो, पाणी आत साचतं, थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. मग पुढचे सात दिवस ते तिथेच. सायलेन्सर आतून सडतो तो असा. बॅटरीचंही तेच. स्टार्टरने जे ओढून घेतलं ते आयडलवर जेमतेम भरून निघतं, आठवड्याभरात जे झिरपलं ते नाही. कोणी अर्धा तास रस्त्यावर नीट फिरवून आणणार असेल तरच चालू करा. नाहीतर किल्ली कपाटात.

बॅटरी काढून घरात आणा. बंद गाडीतही घड्याळ, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), लॉकिंग यांना थोडा करंट लागतो. तो ३० मिलीअँपिअर धरला तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास जातो. तुमच्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असेल. म्हणजे महिनाभरात गाडी उठायची नाही, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्जिंगलाही दाद देत नाही. काढून फळीवर ठेवा, दीड-दोन महिन्यांनी चार्ज करून घ्या. मल्टिमीटर असेल तर पूर्ण भरलेली १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. १२.४ च्या खाली गेली की अण्णांनी रिक्षात टाकून बाजारात न्यावी. कायम जोडलेला छोटा चार्जरही मिळतो, पण पावसात आपल्याकडे लाइट जाते-येते आणि वीज कडाडते, तेव्हा तो लावून ठेवा असं मी सांगणार नाही.

एक लक्षात ठेवा: बॅटरी काढल्यावर रिमोट चालणार नाही. ड्रायव्हरचं दार किल्लीने उघडतं ना ते आजच बघा. कित्येक गाड्यांत ते कुलूप वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं आणि खाऱ्या हवेने धरलेलं असतं.

देवगडचो_हापूस:
मांगरात पेंढो आसा म्हणतास, म्हणजे उंदरांचा बाळंतपण थयच जातला. गाडी थय घालू नकात. शेडीत ठेवा आणि बोनेट उघडा ठेवा. उजेड आणि वारो लागलो की उंदीर घर करणा नाय. डांबरगोळ्यो, तंबाखू, कापूर सगळा करून बघलंय. वास आमकाच येता, उंदरांका कायच नाय. विष तर घालूच नकात. खाऊन ते एसीच्या पंख्यात जावन मरतत, मगे गाडीत बसूची सोय ऱ्हवणा नाय. पिंजरो लावा.

बोटवाला:
@देवगडचो_हापूस, बाळंतपणाचं वाचून आई हसली. तिने गेल्या वर्षी पेंढ्यात पिल्लं बघितली आहेत, त्यामुळे मांगर रद्द. उंदरांमागोमाग धामणही येते, आणि ती बोनेटखाली दिसली तर अण्णा गाडीच विकायला काढतील.

मग शेड. तिथे झडीचं काय करू? आणि पेट्रोलबद्दल कोणीच बोललं नाही. टाकी भरून ठेवू की रिकामी? हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी सुटतं म्हणतात.

चिरेबंदी:
मी बांधकामातला, गाडीतलं कळत नाही, पण ओल कळते. शेडीची जमीन मातीची असेल तर ओल खालूनही येणार. जाड प्लास्टिकचा कागद गाडीच्या लांबी-रुंदीपेक्षा मोठा घेऊन जमिनीवर पसरा, त्यावर खडीचा थर द्या आणि चाकांखाली फळ्या टाका. काँक्रीट करायला आता मे महिन्यात गडी मिळणार नाहीत, मिळाले तरी पैसे मागतील त्यांच्या मनासारखे. पश्चिमेला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा शेडनेट बांधा, पण वर आणि खाली हातभर जागा मोकळी सोडून. भिंतीसारखं बंद केलंत तर तुमच्या शेडीचा मांगर होईल. पागोळ्या बोनेटवर गळत नाहीत ना हे पहिल्या पावसात अण्णांना बघायला सांगा. आणि डोक्यावर माड आहे का ते आधी बघा! नारळ पत्र्यातून आरपार जातो. शेडीचे पत्रे बांधून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे घरांचे पत्रे कुठल्या कुठे गेले होते.

ऑक्टेन_९१:
पेट्रोल: टाकी भरून ठेवा. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून हवेतून येणारी ओलही कमी. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्ये सामावूनही घेतं. प्रमाण फार वाढलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पंप तळातूनच ओढतो. झाकण नीट बसत असेल, टाकी भरलेली असेल तर सहा-सात महिन्यांत ही वेळ येऊ नये. झाकणाचं रबर मात्र तपासा, चिरा दिसल्या तर बदला. तुमची गाडी २०१७ ची आहे. ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालतील असे रबरी भाग गाड्यांत एप्रिल २०२३ पासून यायला लागले, तेव्हा जाण्याआधी इंधनाचे पाइप एकदा बघून घ्या. फ्युएल स्टॅबिलायझर मिळाला तर टाका आणि टाकल्यावर पंधरा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचेल.

वाशिष्ठीकाठ:
विमा कधी संपतोय? समुद्रावर असताना संपला आणि ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाहीत तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. खंड पडला की पुन्हा गाडीची तपासणी वगैरे. जाण्याआधीच करून टाका. आणि गाडी उभीच आहे म्हणून नुसता थर्ड पार्टी घेऊ नका. झाड पडलं, पाणी शिरलं तर ते पूर्ण विम्यातच मिळतं. आम्ही चिपळूणकर २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर यावर वाद घालत नाही. त्या वेळी आमच्या आळीत पाणी ओसरल्यावर कित्येकांनी उत्साहाने किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्याकडे नदी नाही, तरी परसातला व्हाळ (ओढा) असेलच.

चाकरमानी_परळ:
आमची गाडी दहा वर्षं ताडपत्रीखाली आहे, काही झालेलं नाही. असो.

स्पॅनर_रत्नागिरी:
@चाकरमानी_परळ, दारांच्या खालच्या कडेचं रबर उचलून बघा आणि मग इथे लिहा.

माहेर_हर्णै:
आतल्या बाजूबद्दल लिहिते, कारण पुरुष मंडळी बोनेटच्या पलीकडे जात नाहीत. आईची गाडी हर्णैला पावसाळाभर उभी असते. बुरशी सीटवर येण्याआधी दोन ठिकाणी येते: स्टिअरिंगवर, जिथे हाताचा घाम बसलेला असतो, आणि सीटबेल्टच्या गुंडाळलेल्या भागात. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, ओल्या फडक्याने पुसा, दिवसभर उन्हात वाळू द्या, मगच आत सोडा. मॅट काढून घरात ठेवा. त्याखालचा गालिचा हाताने दाबून बघा. वरून कोरडा वाटतो, पण खालचा फोम महिनाभर ओल धरून असतो. बिस्किटाचे तुकडे, डिकीतली जुनी छत्री, डॅशबोर्डवरचा हार, सगळं बाहेर.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. काम चांगलं करतात, पण काचा बंद असतील तरच; उघड्या काचेने ते सगळ्या गावाची हवा सुकवत बसतात. डब्यात जमणारं पाणी सांडलं तर पत्रा खातं, म्हणून डबा प्लास्टिकच्या बादलीत ठेवा आणि अण्णांना दर पंधरवड्याला बघायला सांगा. उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं की चारी दारं दोन तास उघडी. माझ्या मते या उन्हाची सर कुठल्याच डब्याला नाही.

बोटवाला:
सगळ्यांचे आभार. अण्णांना शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. लिटरभर पाण्याचं त्यांना पटलं नाही. म्हणून सकाळी गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी स्टीलची ताटली धरायला दिली. पाण्याचे थेंब बघून गप्प झाले, मग म्हणाले, "रविवारचं राहू दे."

शेडनेट आणलं, माड बाजूलाच आहे पण त्याचे नारळ उतरवून घेतो. विमा सप्टेंबरात संपतोय, तो उद्याच करतो. आता दोन शंका. हँडब्रेक न लावता गाडी नुसती पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर चालेल का? आणि जाण्याआधी खालून धुवायची म्हणजे नेमकं काय? आम्ही तवसाळ-जयगड फेरीबोटीने बऱ्याचदा जातो.

स्पॅनर_रत्नागिरी:
हँडब्रेक अजिबात लावू नका. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये लायनर गंजून चिकटतात, मग हातोडी घेऊन बसावं लागतं. पहिला गिअर, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. टायरमध्ये नेहमी ३३ हवा भरत असाल तर ३८-४० भरा, टायरच्या कडेला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. महिन्यातून एकदा अण्णा आणि काका मिळून ठोकळे काढून, न्यूट्रल करून गाडी हातभर पुढे ढकलू देत. पुन्हा गिअर, पुन्हा ठोकळे.

फेरीबोटीचं बरं सांगितलंत. उतरताना धक्क्याच्या उतारावरचं समुद्राचं पाणी चाकांनी थेट खाली उडतं. शेवटच्या फेरीनंतर गाडी रॅम्पवर चढवून गोड्या पाण्याने धुवून घ्या. मडगार्डच्या आतल्या ओठावर बोट फिरवा, तिथे लाल मातीचा थर असतो, तो स्पंजसारखा खारं पाणी धरून ठेवतो. दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पाचोळा काढा. धुतल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून सुकवा, मगच शेडीत. खालून कोटिंग करायचं तर मेणाचं. गंजावर काळं रबरी कोटिंग मारून देणारे भेटतील, त्याखाली गंज आरामात वाढतो. इंजिन ऑइल जुनं झालं असेल तर आत्ताच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर नको.

एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला स्टीलची जाळी लावा. लावलीत की स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, "जाळी काढ" म्हणून. परत आल्यावर तुम्ही बोटीच्या थकव्यात असणार. आधी बोनेटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का बघा, ऑइल आणि कूलंटची पातळी बघा, टायरची हवा नेहमीवर आणा, मगच बॅटरी. जोडताना आधी लाल वायर, मग काळी. काढताना आधी काळी. पहिल्या दोन-चार ब्रेकला डिस्कवरचा गंज खरखर आवाज करेल, तो जातो. नाही गेला तर गाडी घेऊन या.

बोटवाला:
चिठ्ठी आईने आत्ताच लिहून ठेवली. खाली अण्णांसाठीही एक ओळ आहे: "चालू करू नये."