अमेरिकेला कॅनडा दिसतो तरी का?

सरोवरकाठ (मिसिसागा, कॅनडा)

आधी माझं मत सांगून टाकते, मग खुशाल भांडा. कॅनडातली माणसं अमेरिकेकडे दिवसरात्र बघत असतात, पण अमेरिकेतल्यांना कॅनडा दिसतच नाही. वॉशिंग्टनमध्ये काय शिजतंय हे इथे शाळकरी पोरंही सांगतील. तिकडे कुणाला इथल्या एखाद्या प्रांताच्या मुख्यमंत्र्याचं नाव विचारून बघा. या दुर्लक्षालाच इतकी वर्षं मैत्री म्हटलं गेलं.

कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पियरे ट्रूडो १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर म्हणाले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. तो कितीही गरीब असला तरी त्याची प्रत्येक हालचाल जाणवते. २०२५मध्ये ती सगळ्यांनाच जाणवली. ट्रम्प यांनी २५ टक्के आयातशुल्क लावलं, देशाला '५१वं राज्य' म्हटलं, पंतप्रधानांना 'गव्हर्नर', म्हणजे एखाद्या अमेरिकन राज्याचा प्रमुख, म्हटलं. अफगाणिस्तानात अमेरिकेच्या बरोबरीने लढताना कॅनडाचे १५८ सैनिक गेले. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या चिमुकल्या गावात ३८ विमानं उतरली आणि साडेसहा हजारांवर प्रवाशांची सोय आसपासच्या गावांनी मिळून शाळांत, चर्चमध्ये, स्वतःच्या घरांत केली. एवढं करून हे ऐकायचं?

त्या मार्चमध्ये आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन बाटल्या काढून टाकल्या गेल्या. पण मला जास्त भिडलं ते भाजीच्या दुकानातलं. संत्र्यांच्या ढिगाशी एक आजी चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक फळावरचा बारीक स्टिकर वाचत होत्या. फ्लोरिडा दिसलं की फळ परत ढिगात, मोरोक्को दिसलं की पिशवीत. त्यांना हे कुणी करायला सांगितलं नव्हतं.

मिशिगनचा_पाऊस (डेट्रॉइटजवळ)

ताई, अजिबात पटलं नाही. 'अमेरिकेला दिसत नाही' म्हणजे कोणत्या अमेरिकेला? टेक्सासला नसेल दिसत. डेट्रॉइटच्या नदीकाठी उभं राहिलं की समोर, तेही दक्षिणेला, कॅनडातलं विंडसर दिसतं. तिथल्या नर्स रोज सकाळी नदी ओलांडून आमच्या इस्पितळांत कामाला येतात. गाडीचा एकेक सुटा भाग जोडणीआधी कितीदा सीमा ओलांडतो, हे इथल्या कारखान्यातल्या कुणालाही विचारा. कॅनडावरच्या शुल्काने आमच्याही पोटावर पाय आला.

आणि उपकार एकाच बाजूने झाले असं नाही. ६ डिसेंबर १९१७ला कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, दोनेक हजार माणसं गेली. त्याच रात्री बॉस्टनहून डॉक्टर आणि औषधं घेऊन आगगाडी निघाली, बर्फाच्या वादळातून पोचली. नोव्हा स्कोशिया १९७१पासून दरवर्षी नाताळचं झाड बॉस्टनला पाठवतं, ते याची आठवण म्हणून. सरकारं येतात-जातात, ताई. सरकार जे बोलतं ते शेजाऱ्याच्या मनातलं असतंच असं नाही.

शिवाय 'आम्ही अमेरिकन नाही' यावरच कॅनडाचा निम्मा अभिमान उभा आहे, हेही कुणीतरी म्हणायला हवं. आरोग्यसेवेचा डंका वाजवायचा आणि एमआरआयसाठी महिनोन् महिने रांगेत थांबायचं. वर्णभेदाचं खापर अमेरिकेवर फोडायचं, पण आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळा कॅनडातही विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालू होत्या.

जुनी_पानं (किंग्स्टन)

निवासी शाळांबद्दल शंभर टक्के सहमत. पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. १८१२ साली अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं, तेव्हा कॅनडा ब्रिटिशांचा होता. त्याच वर्षी अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने लिहिलं होतं की क्वेबेकपर्यंतचा कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम. एप्रिल १८१३मध्ये अमेरिकन फौजांनी यॉर्कची, म्हणजे आजच्या टोरांटोची, विधानसभा जाळली. पुढल्या वर्षी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं. कॅनडाला हे युद्ध म्हणजे आपण टिकलो त्याची गोष्ट वाटते, अमेरिकेला ते धड आठवतही नाही. म्हणून '५१वं राज्य' ही तिकडे थट्टा ठरते आणि इथे जुन्या जखमेवरची खपली निघते.

मॉन्ट्रियलची_थंडी

+१. आमच्याकडचं थोडं सांगते. फ्रेंच बोलणाऱ्या आमच्या क्वेबेक प्रांताने १९९५ साली कॅनडातून फुटून निघण्यावर मतदान घेतलं होतं आणि एक टक्क्याहून थोड्याशा फरकाने देश एक राहिला होता. त्याच क्वेबेकच्या मॉन्ट्रियलमध्ये १५ फेब्रुवारी २०२५ला कॅनडा-अमेरिका आइस हॉकीच्या सामन्याआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. तो सामना अमेरिकेने जिंकला. पाच दिवसांनी बॉस्टनला अंतिम सामन्यात कॅनडाने जादा वेळेत ३-२ असा विजय मिळवला, तेव्हा एरवी फक्त क्वेबेकचा निळा झेंडा लावणारे माझे शेजारी रस्त्यावर येऊन ओरडत होते. मला राष्ट्रगीताची हुर्यो आवडली नाही, आजही आवडत नाही. पण इथल्या फ्रेंच माणसाला आपण कॅनेडियन आहोत असं एवढं तीव्रपणे वाटताना मी आधी पाहिलं नव्हतं.

दोन्ही_काठ (न्यू जर्सी, सध्या वॉटर्लू)

आपल्या लोकांबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. जुलै २०२३मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी १० हजार वर्क परमिट खुली केली, ती दोन दिवसांत संपली. ग्रीन कार्डच्या रांगेत कंटाळलेली कितीतरी मराठी घरं त्यात होती, आमचंही. इथे कायमचं राहण्याचा कागद लवकर हातात पडेल या आशेने आलो. पगार मात्र खाली आला. आता इथलीच हुशार मुलं शिक्षण संपलं की कॅलिफोर्नियाची वाट धरताना बघतो. सरोवरकाठ, तुमचा राग खरा आहे, पण ओढही खरी आहे. ज्या देशावर बहिष्कार घालायचा तिथेच मुलाला नोकरी लागावी असं मनोमन वाटणारी घरं माझ्या गल्लीत आहेत. हा पेच न मांडता नुसत्या संत्र्यांवर चर्चा अपुरी वाटते.

सरोवरकाठ

पेच मान्य. नोकरीसाठी जाणाऱ्यांवर माझा राग नाहीच.

मिशिगनचा_पाऊस, शेजाऱ्याच्या मनाबद्दल बोललात, म्हणून हॅस्केल ग्रंथालयाचं सांगते. १९०४ची इमारत, अर्धी क्वेबेकच्या स्टॅनस्टेडमध्ये, अर्धी व्हरमाँटच्या डर्बी लाइनमध्ये. सीमा म्हणजे वाचनाच्या खोलीतली जमिनीवरची काळी पट्टी. मुख्य दार अमेरिकेच्या बाजूला, तरी स्टॅनस्टेडची माणसं पदपथावरून वळून बिनधास्त आत जात. मार्च २०२५मध्ये अमेरिकन सरकारने ती वाट बंद करत आणली. सव्वाशे वर्षांच्या शेजारधर्माला एक आदेश पुरला. तुमचं प्रेम असेलही, पण ते आम्हाला वाचवू शकलं नाही.

मला प्रेमापेक्षा १९०९चा सीमेवरील पाण्याचा करार जवळचा वाटतो. त्यातून जो संयुक्त आयोग आला त्यात दोन्ही देशांचे तीन-तीन सदस्य. लोकसंख्या अमेरिकेची आठ-नऊ पट, पण आयोगावर खुर्च्या सारख्या. सरोवरांच्या पाण्याचं भांडण तिथे बसून सुटतं. असं बरोबरीचं काही असेल तिथेच मी अमेरिकेवर विश्वास ठेवीन.

मिशिगनचा_पाऊस

ग्रंथालयासाठी दोन्हीकडची माणसं एकत्र रस्त्यावर आली होती, व्हरमाँटचीसुद्धा, ते तुम्ही गाळलंत.

आणि करारांचं म्हणाल तर नाफ्टा या उत्तर अमेरिकेतल्या जुन्या व्यापार कराराच्या जागी आलेल्या नव्या करारावर २०१८ साली ट्रम्प यांनीच सही केली होती. २०२०पासून तो लागू आहे. तरी २०२५मध्ये शुल्क आलंच. कागद पाळायला लावणारी माणसं इकडे नसतील तर तुमच्या तीन खुर्च्यांचाही उपयोग नाही. मी इथला मतदार आहे. शुल्काविरुद्ध माझ्या काँग्रेस सदस्याला पत्र पाठवलंय, आणि पुढच्या निवडणुकीत दारावर मत मागायला कुणी आलं की पहिला प्रश्न विंडसरचाच विचारणार आहे.