ब्युप्रेनॉर्फिन आणि वाढलेलं क्रिएटिनिन

भावाचं क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलंय म्हणून हेरॉइनसारखी नशा सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून परस्पर बंद करू नका. ते मुख्यतः यकृतात मोडतं, त्यामुळे किडनी कमजोर असली तरी सहसा चालतं. दारू सोडवणाऱ्या अकॅम्प्रोसेटचं तसं नाही. ते लघवीवाटेच जातं, म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने साफ करते त्याचं माप) मिनिटाला 30 मिली किंवा त्याखाली असेल तर देतच नाहीत.

मला जास्त काळजी वाटते ती डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांची. नशा तुटताना हातपाय ठणकतात, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि त्यातच या गोळ्या पोटात गेल्या की किडनीला इजा होऊ शकते. तो घेतोय का, नीट विचारा. आणि सुईने नशा करत असेल तर हिपॅटायटिस सी, एचआयव्हीची तपासणी कराच. दोन्हींमुळे किडनी बिघडू शकते.